दसरू कोतवालाचे ठसे

सोळा ऑक्टोबरचा चांद्याच्या दीक्षाभूमीवरचा मेळावा आटोपला, पाहुणे आपापल्या गाड्यांनी परतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भैयाजींची तिन्ही लेकरं पठाणपुऱ्यातल्या छापखान्यात जमली. लेकरं म्हणायची ती जुन्या सवयीनं. थोरले वामनराव सत्तेचाळिशीचे, गडचिरोलीच्या तहसिलीत नायब तहसीलदार. मधली कमला छत्तीस वर्षांची, बल्लारपूरच्या पोस्टात कारकून. धाकटा श्रावण बत्तिशीचा. भैयाजी गेल्यापासून दोन वर्षं छापखाना त्याच्याच गळ्यात होता, आणि आता त्याला तो मोडायचा होता. चांद्यात ऑफसेटची छपाई आली होती. लग्नाच्या पत्रिकासुद्धा लोकांना रंगीत फोटोच्या लागत होत्या. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन वरोऱ्याचा एक जण उद्या येऊन नेणार होता. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, आणि बाकीचं भंगार घ्यायला नथ्थू आज तीन वाजता हातगाडी घेऊन येणार होता.

कमलाला मशीनशी आणि खिळ्यांशी काही घेणं नव्हतं. ती आली होती जुना कागद बघायला. वर्तमानपत्रांत रोज खाली कोपऱ्यात येणाऱ्या चित्रपट्ट्या, तीन नाहीतर चार चौकटींच्या, ती शाळेत असल्यापासून कापून ठेवत आली होती. ब्लेडनं कापायची, मैद्याच्या खळीनं वहीत चिकटवायची, वर तारीख घालायची. अशा तिच्या एकतीस वह्या भरल्या होत्या. शिवाय चित्रांतल्या माणसांची तोंडं छापलेले बिस्किटांचे डबे, काड्यापेट्यांची लेबलं, गोळ्यांचे कागद. सोलापूरचा एक रिटायर गार्ड आणि अमरावतीची एक शिंपीणबाई यांच्याशी तिचा पत्रव्यवहार होता. एखादी पट्टी हिच्याकडे दोनदा असली की ती तिकडे जायची, तिकडची इकडे यायची. पोस्टातले लोक हसायचे. वामनराव तर तिच्या तोंडावर म्हणत, "बाई, रद्दीले कपाट काऊन लागते?" एखाद्या पट्टीत कालचा भित्रा शिकारी आज झाडावर का चढला, हे कळण्यासाठी तिनं एकदा सहा महिने कालची पट्टी शोधली होती. तो आनंद कुणाला समजावून सांगायचा?

माळ्यावर वहीचा कागद, जुनी पंचांगं, फुटके दिवे. सगळ्याच्या मागं एक साबणाचं खोकं होतं, पोत्यात घालून सुतळीनं चारही बाजूंनी शिवलेलं. भंगार कुणी असं शिवत नाही. श्रावणानं ते खाली उतरवलं तेव्हा त्याच्या खांद्याला रग लागली.

पोतं उसवलं. आत लाकडी ठोकळे, दर ठोकळा कागदात गुंडाळलेला आणि ठोकळ्यावर जस्ताचा पत्रा ठोकलेला. कमलानं एक उजेडात धरला.

"ठसे दिसते," श्रावण म्हणाला. "जुन्या जाहिराती असन."

"जाहिराती नाई. तीन चौकटी हायेत याले." तिनं पत्र्यावर बोट फिरवलं. सगळं उलटं होतं. उलटी अक्षरं, उलट्या दिशेनं चालणारा काठीवाला माणूस. ठोकळ्याच्या कडेला शाईनं आकडा घातला होता: अठ्ठ्याऐंशी. तिनं दुसरा काढला, तिसरा काढला. सगळीकडे तोच काठीवाला. "श्रावण, ही चित्रपट्टी हाये. आपल्या पेपरातली."

भैयाजींचं साप्ताहिक 'नवी पायवाट' सत्तर सालापर्यंत चाललं होतं, पण त्याच्या फायली वाळवीनं कधीच संपवल्या होत्या. त्यात चित्रपट्टी येत होती हे कमलाच्या कानावर कधी आलं नव्हतं. अर्ध्या महाराष्ट्राला पत्रं लिहून पट्ट्या मागवणारी बाई, आणि तिच्या बापाच्या माळ्यावर हे खोकं.

खुर्चीत बसलेल्या वामनरावांनी चष्मा काढून पुसला. "ते जसंच्या तसं बांधून ठेव, कमला. नथ्थू आला का त्याले दे."

"तुले ठाऊक होतं, दादा?"

"ठाऊक नसाले काय झालं? मुखरूकाकाचं काम हाये ते. दसरू कोतवाल. याच्याच पायी त्याइनं घर सोडलं अन् बाबांनी पुन्हा त्याइचं नाव काढलं नाई."

मुखरूकाका म्हणजे भैयाजींचे धाकटे भाऊ. ते आलापल्लीला राहतात, जंगल खात्याचे बोर्ड रंगवतात, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. छप्पन सालच्या हिवाळ्यात त्यांनी भैयाजींची छापून बदनामी केली आणि निघून गेले, असं नातेवाईक सांगत. काय छापलं, ते कुणी सांगत नसे. भैयाजी वारल्याची तार त्यांना केली होती. ते आले नव्हते.

"एक काढून पाहू," कमला म्हणाली. "मशीन उद्यापर्यंत आपलंच हाये."

"कायले? बाबांनी स्वतः बंद केलं ते."

"बंद केलं, पन फेकलं त नाई."

श्रावण दोघांकडे बघत उभा होता. आज सकाळपर्यंत तो पूर्णपणे दादाच्या बाजूचा होता. लवकर मोकळं व्हावं, एवढंच त्याला हवं होतं. पण त्याचे हात छापणाऱ्याचे होते, आणि छापल्याशिवाय ठसा वाचता येत नाही हे त्याला दोघांपेक्षा जास्त खुपत होतं. "एकच," तो म्हणाला. "शाई तशीही फेकाचीच हाये."

त्यानं एक नंबरचा ठोकळा रॉकेलनं धुतला, लोखंडी चौकटीत आवळून बसवला, गोल तबकडीवर शाई लावली आणि पाय मारायला सुरुवात केली. रूळ वर गेले, खाली आले. कागद घातला, काढला. कमलानं तो दोन्ही हातांनी घेतला.

पहिल्या चौकटीत मोठ्या पगडीचा पाटील हुकूम सोडत होता, "दसऱ्या, गावात कोनाकोनापाशी बंदूक हाये त्याची यादी कर. सायबाले पायजे." दुसऱ्या चौकटीत कोतवाल हात जोडून, "मले लिहाले कोनं शिकवलं, मालक? तुमी लिवा, मी सांगतो." तिसऱ्या चौकटीत पाटील बैठकीवर टाक घेऊन वाकलेला आणि दसरू पाठीमागं हात बांधून उभा. "एक नंबर, तुमी."

श्रावण हसला. मग स्वतःहून दुसरा ठोकळा उचलला.

अकरा वाजता सुरू झालं ते थांबेना. श्रावण पाय मारी, कमला ओले कागद दोरीवर चिमट्यांनी टांगी आणि प्रत्येकाच्या मागं पेन्सिलनं आकडा घाली. पट्ट्या एकमेकींना जोडल्या जात होत्या. चौथ्या पट्टीत दसरूची कुऱ्हाड हरवली, ती नवव्या पट्टीत पाटलाच्या मेव्हण्याकडे सापडली. मधल्या चार पट्ट्यांत अख्खं गाव ती कुऱ्हाड शोधत होतं आणि मेव्हणा सगळ्यांच्या पुढं. रेषा जाड, घाई केल्यासारखी, पण माणूस उभा कसा राहतो, कमरेत कुठं वाकतो, हे या हाताला नेमकं माहीत होतं. कमलानं एकतीस वह्यांत इतकं पाठीतून बोलणारं चित्र पाहिलं नव्हतं. आणि ते बोलत होतं मायच्या बोलीत.

वामनराव उठून दाराशी गेले होते, रस्त्याकडे तोंड करून. पंधराव्या पट्टीला कमला मोठ्यानं वाचू लागली, मुद्दामच. दसरू तीन दिवस जंगल तुडवत समन्स घेऊन जातो. म्हातारा गोंड कागद उलटसुलट करून म्हणतो, "तारीख त कालची हाये." दसरू कपाळ पुसतो. "मंग कालच या."

दाराशी उभ्या वामनरावांचे खांदे हलले. ते वळले तेव्हा त्यांचं तोंड गंभीर होतं, पण ते टिकलं नाही. "आण इकडं," ते म्हणाले. कागद हातात धरून त्यांनी पुन्हा वाचलं. "आमच्या ऑफिसात वारलू कोतवाल हाये. मागच्या महिन्यात भामरागडकडून आला, अन् अस्संच झालं होतं. मी त्याच्यावरच ओरडलो." मग ते दोरीखालून वाकत पहिल्या पट्टीपाशी गेले आणि क्रमानं सगळ्या वाचू लागले.

दोन वाजता त्यांची माय केसरबाई मागच्या घरातून भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आल्या. डबा ठेवायला जागा शोधता शोधता त्यांची नजर दोरीवर गेली. वाचता त्यांना आजही अडखळतच यायचं, पण त्यांनी वाचलंच नाही. एका कागदावरच्या तोंडावर बोट ठेवलं. "हे त मामंजी हायेत."

"कोन?" श्रावण म्हणाला.

"तुमचा आजा. रामाजी. हे नाक पाह्यना." त्या स्टुलावर बसल्या. "कोतवाली केली ना त्याइनं चाळीस वर्षं. मुखरूभाऊजी त्याइच्यापाशी बसून इचारत, अन् मामंजी सांगत. बाजाराच्या दिवशी गावावरून चालत येत, पेपर घेत, अन् कोनाकडून तरी वाचून घेत. हसून हसून डोळे पुसत. म्हनत, पाटलाच्या तोंडावर जे म्हनता नाई आलं, ते पोरानं म्हनलं."

आजा कोतवाल होता, हे श्रावणाला आज पहिल्यांदा कळत होतं. कमलाला अंधुक माहीत होतं, जसं घरातलं न बोललेलं माहीत असतं.

"मग बाबांनी बंद काऊन केलं?" तिनं विचारलं.

उत्तर वामनरावांनी दिलं. हातातल्या कागदाकडे बघतच ते बोलत होते. "माह्याच पायी. मी मॅट्रिकले होतो. वर्गात मले दसरू म्हनत. मास्तर आला का पोरं म्हनत, दसऱ्या, दवंडी दे. दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी कोनीतरी माह्या बाकावर काठी आनून ठेवली. मी घरी येऊन बाबांपाशी रडलो. सतरा वर्षांचा, मिशा फुटलेला पोरगा, अन् रडलो. बाबा म्हनले, तुह्या आजानं काल कोतवालीची काठी टाकली, आता ती काठी दर आठवड्याले मी छापनार नाई. त्याइचं काय चुकलं, सांग. अन् मुखरूकाका म्हनत, लोक दसरूले नाई, पाटलाले हसते. त्याइचंही काय चुकलं?"

इतकी वर्षं दादाची वह्यांवरची चीड कमलाला नुसता खडूसपणा वाटत आला होता.

ती उगाच खोक्याशी वाकली. एकशे एक्कावन्न आकड्याचा ठोकळा शेवटचा असायला हवा होता. पण तळाशी आणखी एक होता, आकडा नसलेला आणि वेगळ्या कागदात बांधलेला. त्याच्यावरचं जस्त अजून चकाकत होतं. इतर सगळ्यांच्या खाचांत जुनी शाई वाळून बसली होती. यावर शाई जेमतेम लागलेली.

"हा छापलाच नाई वाटते," श्रावण म्हणाला. "एखादं प्रूफ काढलं असन, बस."

केसरबाई स्टुलावरून उठल्या. "तो राहू द्या."

"माय, काऊन?"

"राहू द्या म्हनलं ना."

पण वामनरावांनी स्वतः तो ठोकळा श्रावणाच्या हातात दिला. "आता काढच," ते म्हणाले.

कागद निघाला तेव्हा तिघंही त्यावर वाकली. पहिल्या चौकटीत दसरू काठी घेऊन पाटलाच्या दारी उभा. दुसऱ्या चौकटीत त्यानं काठी दाराला टेकवली. "ही तुमची. सांभाळा." तिसऱ्या चौकटीत तो पाठमोरा, ताठ चालत दूर गेलेला. आणि दारात काठी हातात धरून उभा असलेला पाटील म्हणत होता, "आता माह्या हुकूम कोन ऐकन?" त्याला पगडी नव्हती. गोल काचांचा चष्मा होता, खिशाला दोन पेना होत्या, आणि भांग उजवीकडे पाडलेला होता.

भैयाजींचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. कुणालाही मान वर करून बघायची गरज पडली नाही.

"बाबांले पाटील केलं," श्रावण म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. सकाळपासून पाय मारून त्याचा सदरा घामानं भिजला होता. आता त्यानं मशीनवरून पाय काढला. "दादा बरोबर म्हनत होता. दे टाकून हे सगळं नथ्थूले."

आणि कमलाला कळलं की तिच्याही मनात तेच आलंय. तिच्या बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर पाय ठेवला नाही, कुणाला अरे म्हटलं नाही. त्याला पाटील करायचं? पण चित्र खोटं म्हणावं, तर नजर त्या तिसऱ्या चौकटीवरून हलत नव्हती. ती रेषा बरोबर होती. हुकूम सोडताना बाबांची हनुवटी अशीच वर जायची.

"माय," ती हळूच म्हणाली, "बाबांनी हे पाह्यलं तेव्हा काय केलं?"

केसरबाई पुन्हा बसल्या. पदराच्या टोकाला त्या बोटांनी चुण्या घालत होत्या. "तुमच्या बाबानं शेवटची एकच पट्टी मागितली होती, काठी टाकल्याची. भाऊजी चित्र नेहमीसारखं पाकिटात घालून देऊन गेले होते. यायनं न उघडता तसंच नागपूरले धाडलं. ठसा बनून आला, यायनं प्रूफ काढलं, तवा दिसलं. घरात घेऊन आले. मी तांदूळ निवडून राह्यली होती. मले दाखवलं अन् इचारलं, केसर, मी असा हाव काय?"

"अन् तू काय म्हनलं?"

"म्हनलं, कधीकधी हाव. बोलन्यात." त्यांनी पदर सोडला. "खोटं कसं बोलू? बोलत ना ते तसे भाऊजीसंगं. पन तवा बोलाले नोतं पायजे. दोन दिवस जेवले नाई. मंग खोकं आनलं, एकेक ठसा कागदात बांधला अन् स्वतः दाभनानं पोतं शिवलं. भाऊजी तवरक कुठी निघून गेले होते, कोनाले पत्ता नोता. यायचा रुसवा भाऊजीवर होता का माह्यावर, मले आजवर नाई कळलं."

बाहेर हातगाडी थांबल्याचा आवाज आला. नथ्थू दारात येऊन उभा राहिला आणि दोरीवरच्या कागदांकडे बघत म्हणाला, "छापाई सुरूच हाये काय जी? मी तं बंद झालं समजून आलो."

श्रावणानं खिळ्यांच्या पेट्या दाखवल्या. नथ्थू एकेक पेटी गाडीवर नेऊन रिकामी करू लागला. शिसं खळखळत पडत होतं. मग तो जस्ताच्या ठोकळ्यांपाशी आला. "अन् हे?"

श्रावणानं दादाकडे पाहिलं. कमलानंही पाहिलं. वडिलांच्या जागी बसलेला माणूस, शेवटचा शब्द त्याचा. कमलाला खोकं कवेत घेऊन पळून जावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी तो एक ठसा विहिरीत टाकावासा वाटत होता. इतकी वर्षं पट्ट्या गोळा करताना ती कधी कुणाच्या बाजूनं नव्हती. पुढं काय होतं, एवढंच तिला हवं असायचं.

"दादा, मले माह्यासाठी नाई पायजे," ती म्हणाली. "पन याचा मालक जित्ता हाये."

वामनरावांनी तो बिनआकड्याचा कागद उचलून बाकीच्यांशेजारी दोरीवर टांगला. मग त्यांनी नथ्थूला सांगितलं, "ठोकळ्याइले हात नको लावू. ते आपलं नाई." आणि श्रावणाला म्हणाले, "किती राह्यले छापाचे? उद्या मशीन जाऊन राह्यली ना. मग बस, मी कागद लावतो."

संध्याकाळपर्यंत एकशे बावन्न पट्ट्या दोरीवरून उतरल्या. श्रावण मधे एकदा म्हणाला की शेवटची काकांना दाखवू नये, जुनं दुखणं उकरायला नको. कमला म्हणाली, दाखवायची तर सगळी, नाहीतर एकही नाही. केसरबाईंनी कमलाची बाजू घेतली. आपली रजा दोन दिवसांनी वाढवायची चिठ्ठी वामनरावांनी तिथंच श्रावणाच्या टेबलावर बसून लिहिली.

दुसऱ्या दिवशी गोंडपिपरी, आष्टी करत वामनराव आणि कमलाची एसटी आलापल्लीला पोचली तेव्हा दुपार झाली होती. जंगल खात्याच्या डेपोसमोर सागाच्या थप्प्यांच्या सावलीत एक लांब पत्रा आडवा टाकलेला होता आणि एक वाळक्या अंगाचा माणूस उकिडवा बसून त्यावर पांढरी अक्षरं रंगवत होता. 'जंगलात आग' एवढं झालं होतं. बाजूला, कुणी न सांगता, त्यानं शेपटीला विस्तव लागलेला एक ससा काढला होता. कमला तिथंच थांबली. त्या सशाची पाठ तिला ओळखीची होती.

"काका," वामनराव म्हणाले, "मी वामन. भैयाजीचा."

मुखरूकाकांनी वर पाहिलं. कुंचला पत्र्यावर टेकला आणि एक ठिपका पडला. त्यांनी तो बोटानं पुसला. "वहिनी बऱ्या हायेत ना?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"बरी हाये. तिनंच धाडलं."

कमलानं पिशवीतून गठ्ठा काढून त्यांच्यापुढं ठेवला. हात रॉकेलनं पुसून ते एकेक कागद उलटू लागले. कुऱ्हाडीच्या पट्टीला ते नाकातून हसले. "हे जमलं होतं." एका पट्टीपाशी जीभ चावून म्हणाले, "इथी हात लहान झाला." आपलंच जुनं लेकरू बघावं तसं ते बघत होते. तिसाव्या का चाळिसाव्या कागदानंतर त्यांचा वेग वाढला. खालचं काहीतरी त्यांना शोधायचं होतं, आणि तिथवर पोचायचंही नव्हतं.

शेवटचा कागद वर आला. त्यांनी तो पुरता पाहिलासुद्धा नाही. "भाऊच्या पेपरात हे आलं तवा," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "लोक काय म्हनले असन भाऊले. मी रागात काढलं, रागात देऊन आलो, अन् सिरोंच्याच्या मोटारीत बसलो. नदीपाशी पोचलो तवा राग उतरला होता. पन पेपर त छापून गेला असन. कोन्या तोंडानं येऊ? तार आली तवाही वाटलं, मौतीले जमलेल्या लोकांत हे पाह्यलेले दहा तरी असन."

वामनरावांनी कमलाकडे पाहिलं. सांगायचं तिनं, असं त्या बघण्यात होतं.

"काका, ते छापलं नाई," कमला म्हणाली.

"काय?"

"बाबांनी ते छापलंच नाई. एक प्रूफ काढलं, मायले दाखवलं अन् ठसा बांधून ठेवला. तुमचे सगळे ठसे बांधून ठेवले. पोत्यात शिवून. हा कागद काल छापला, श्रावणानं. घरच्याइशिवाय कोनी नाई पाह्यला."

मुखरूकाकांच्या हातातला कागद खाली खाली येत गुडघ्यावर टेकला. डेपोत कुणीतरी लाकडावर हातोड्याचे ठोके मारत होतं. ते थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"तीस वर्षं," ते म्हणाले. "इचारलं असतं कोनाले, तं कळलं असतं. मी इचारलंच नाई." मग कागद गठ्ठ्यावर ठेवत म्हणाले, "त्यानंही सांगितलं नाई."

वामनराव पँटची इस्त्री न बघता मातीत त्यांच्यासमोर बसले. "बंद माह्या सांगन्यावरून झालं होतं, काका. मी रडलो होतो. तेही तुम्हाले कोनी सांगितलं नसन."

"तू?" काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, चित्र काढायच्या आधी बघावं तसं. मग मान हलवली, पण कशाला, ते कमलाला कळलं नाही. त्यांनी गठ्ठा पुन्हा सारखा केला, तिच्या हातात दिला आणि डबा जवळ ओढून कुंचला पांढऱ्या रंगात बुडवला.

"चांद्याची गाडी किती वाजता हाये?"

"सकाळी सहाले," वामनराव म्हणाले.

"मंग आज हा बोर्ड संपवा लागन," मुखरूकाका म्हणाले आणि 'लावू नका'चा 'ला' काढायला वाकले.